रात्रभराचा दशावतार, तीन कॅमेरे आणि टाइमकोड : प्रकल्प नोंदी

३ डिसेंबर २०२४, कुडाळ

गेल्या वर्षी एका गावच्या जत्रेतला दशावतार, म्हणजे कोकणातले लोकनाट्य, आम्ही रात्रभर चित्रित केला आणि त्यानंतर चित्र व आवाज यांची जुळवणी करण्यात माझे अकरा दिवस गेले. दोन कॅमेरे आणि एक वेगळा रेकॉर्डर होता, टाइमकोड नव्हता. कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंद झाली की आपोआप थांबत, कधी बॅटरी संपे, कधी कार्ड भरे, आणि प्रत्येक नव्या तुकड्याचा आवाज रेकॉर्डरच्या आवाजाशी कानाने जुळवावा लागे. क्लॅप देण्याचा, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पाटी वाजवण्याचा, प्रश्नच नव्हता. दशावतारातला विनोदी राक्षस संकासुर रंगात आलेला असताना कोणी मध्ये जाऊन पाटी वाजवली असती, तर त्याने पाटीवाल्यालाच बोलण्यात ओढून अर्धा तास खेळ रंगवला असता, कारण दशावताराला लिखित संहिता नसते आणि नट समोर येईल ते वापरतो.

या वर्षी तीन कॅमेरे आहेत, म्हणून टाइमकोड वापरायचे ठरवले आहे. तत्त्व सोपे आहे : प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम अशा चार जोड्यांचा एक क्रमांक मिळतो, आणि सर्व यंत्रांनी एकाच क्षणाला एकच क्रमांक दिला, तर संकलनात तुकडे आपापल्या जागी जाऊन बसतात. क्रमांक चुकला, तर तुकडा तितक्याच आत्मविश्वासाने चुकीच्या जागी बसतो, हे पुढच्या नोंदींत दिसेल.

सामान असे आहे. ‘क’ कॅमेऱ्याला टाइमकोडचे स्वतंत्र जॅक आहे. ‘ख’ आणि ‘ग’ हे साधे मिररलेस कॅमेरे आहेत, त्यांना ते नाही. रेकॉर्डर आठ ट्रॅकचा असून त्यातून टाइमकोड बाहेरही काढता येतो. टाइमकोडच्या तीन डब्या, म्हणजे हा क्रमांक मोजत राहून कॅमेऱ्याला देणारी छोटी यंत्रे, भाड्याने घेतल्या, प्रत्येकी दिवसाला ४०० रुपये. त्यांतली एक जुनी आहे आणि तिची बॅटरी फार टिकत नाही, असे देणाऱ्याने आधीच सांगितले होते. मी ते ऐकले होते, एवढेच आज म्हणता येईल.

६ डिसेंबर

ज्या कॅमेऱ्याला टाइमकोडचे जॅक नाही, त्याला तो आवाजाच्या रूपाने द्यावा लागतो. एका फ्रेममागे ८० बिट आणि सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सेकंदाला २००० बिट. ही माहिती १००० ते २००० हर्ट्झच्या दरम्यान किरकिरते आणि कॅमेऱ्याच्या एका ध्वनिवाहिनीवर मुद्रित होते. दुसऱ्या वाहिनीवर साधा छोटा माइक ठेवायचा, म्हणजे संकलनात संदर्भासाठी आवाज राहतो. दशावतार मंडळीतले पखवाजवादक आज योगायोगाने घरी आले होते. त्यांनी हेडफोन कानाला लावला आणि म्हणाले, “ह्या काय, पेटयेत रातकिडो धरून ठेवलंस काय?” याहून अचूक वर्णन मला जमले नसते.

पहिली चाचणी वाया गेली. डबीतून येणारा संकेत लाइन पातळीचा, म्हणजे माइकपेक्षा बराच जोरकस, होता आणि कॅमेऱ्याचा जॅक माइकचा, त्यामुळे डाव्या वाहिनीवरचा टाइमकोड छताला टेकला. गंमत अशी, की तो वाचता येत होता. खरी अडचण उजव्या वाहिनीत होती, कारण तो रातकिडा तिथेही स्पष्ट ऐकू येत होता आणि माइकचा आवाज त्याखाली दबला होता. दोन डब्यांत पातळी माइकसाठी कमी करण्याची सोय निघाली. तिसऱ्या, जुन्या डबीत ती नव्हती, म्हणून केबलमध्येच १० किलोओमचा रोध मालिकेत आणि १०० ओमचा रोध जमिनीकडे असा दुभाजक झाळला, ज्याने संकेत साधारण ४० डेसिबलने खाली येतो. कॅमेऱ्याच्या माइक जॅकमधून येणारा बारीक विद्युतदाब थोपवायला एक कपॅसिटर घातला. प्लग, रोध, केबल असे सगळे मिळून ६४० रुपये झाले, त्यांत दोन प्लग मी जाळले तेही आले.

दुसरी चूक याहून लबाड होती. ‘ख’ कॅमेऱ्यावर आवाजाची पातळी स्वयंचलित ठेवलेली राहिली. शांत खोलीत सगळे ठीक चालले, पण जवळ टाळी वाजवली की कॅमेरा दोन्ही वाहिन्यांची पातळी एकदम खाली ओढत असे आणि टाइमकोडही तिच्याबरोबर बुडत असे. पखवाजाशेजारी हे रात्रभर झाले असते. आता दोन्ही कॅमेऱ्यांवर पातळी हाताने लावली आहे, टाइमकोडचा काटा उणे १८ डेसिबलच्या आसपास आहे, आणि मेनूतल्या त्या पर्यायावर कोणी हात लावू नये असे चिकटपट्टीवर लिहून ठेवले आहे.

८ डिसेंबर

आज अडीच तास केवळ फ्रेमदरामुळे गेले. ‘ग’ कॅमेऱ्याचे तुकडे प्रत्येक वेळी वेगळ्याच अंतराने चुकत होते. डबी बदलली, केबल बदलली, शेवटी मेनू उघडून पाहिला. कॅमेरा एनटीएससी, म्हणजे अमेरिकी व्हिडिओ पद्धतीवर होता आणि त्यात ‘२४’ असे जे लिहिलेले होते ते प्रत्यक्षात २३.९८ होते. बाकी सर्व यंत्रे २५ वर होती. आपल्याकडच्या पॅल पद्धतीवर नेल्याशिवाय त्या कॅमेऱ्यात २५ चा पर्याय दिसतच नाही.

आपल्याकडे २५ धरण्यामागे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे २५ फ्रेम आणि सेकंदाचा पन्नासावा भाग शटर ठेवले, तर मांडवातल्या ट्यूब आणि माळा सहसा लुकलुकत नाहीत. शिवाय २५ मध्ये ‘ड्रॉप फ्रेम’ची भानगड नाही. अमेरिकी पद्धतीच्या २९.९७ मध्ये घड्याळाशी मेळ राहावा म्हणून दर मिनिटाला दोन क्रमांक गाळतात आणि दर दहाव्या मिनिटाला गाळत नाहीत, असे तासाला १०८ क्रमांक गळतात. गळतात ते क्रमांक, चित्रे नव्हेत. परदेशातल्या कोणी त्या पद्धतीत चित्रित केलेले साहित्य पाठवले, तर ड्रॉप की नॉन-ड्रॉप हे आधी विचारावे, कारण चुकीचे धरल्यास तासाभरात ३.६ सेकंदांचा फरक पडतो.

सर्व यंत्रांचे फ्रेमदर एका कागदावर लिहून प्रत्येक कॅमेऱ्याच्या पिशवीत टाकले.

१० डिसेंबर

घड्याळे किती सरकतात ते पाहण्यासाठी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच अशी आठ तासांची चाचणी घेतली. रेकॉर्डरचे घड्याळ मुख्य धरले आणि त्यावरून तिन्ही डब्या जॅम केल्या, म्हणजे त्याचा चालू क्रमांक एकदा त्यांना दिला आणि केबल काढली. ‘क’ कॅमेऱ्यालाही तसाच एकदा क्रमांक देऊन मोकळा सोडला.

संध्याकाळी डब्या रेकॉर्डरपासून अर्ध्या फ्रेमच्या आत होत्या. ‘क’ कॅमेरा स्वतःच्या घड्याळावर पाच फ्रेम सरकला होता, म्हणजे २०० मिलिसेकंद. ओठ आणि शब्द यांच्यात एवढा फरक कोणालाही खटकतो. म्हणून ‘क’लाही रात्रभर डबी लावूनच ठेवायची.

याच चाचणीत एक समजूत दुरुस्त झाली. टाइमकोड यंत्राचा वेग सांभाळत नाही, तो फक्त तुकड्याच्या सुरुवातीला ‘हा क्षण अमुक क्रमांकाचा’ एवढे सांगतो, आणि त्यापुढे प्रत्येक यंत्र आपल्याच घड्याळातल्या स्फटिकाच्या चालीने चालते. अर्ध्या तासाच्या तुकड्यात ही सरक फ्रेमच्या तिसऱ्या भागाएवढी असते, ती दिसत नाही. पण जोडीला ठेवलेला जुना हातातला रेकॉर्डर आठ तास एकाच फाइलमध्ये चालवला, तेव्हा सुरुवात बरोबर असूनही शेवटी तो नऊ फ्रेम भरकटला होता. तो आता फक्त अडीअडचणीसाठी, आणि दर तासाला थांबवून पुन्हा सुरू करायचा.

चाचणी मी दिवसा घेतली. काम रात्रीचे होते. हे वाक्य लक्षात ठेवावे.

१४–१५ डिसेंबर, जत्रेची रात्र

संध्याकाळी आठला देवळाच्या मागच्या पडवीत सगळी यंत्रे एकत्र ठेवून डब्या जॅम केल्या. रेकॉर्डर मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे लावला, कारण ‘किती वाजता काय झाले’ हे नंतर शोधायला सोपे जाईल असे वाटले. चारही यंत्रे एका रांगेत धरून फोनवर चित्र घेतले : २०:१४:३३, सर्वांवर एकच आकडा. हे चित्र पुढे कामाला आले.

साडेनऊला पालखीपासून मुद्रण सुरू केले. ‘क’ रंगमंचासमोर, ‘ख’ वादकांच्या बाजूला, ‘ग’ गर्दीच्या पाठीमागे सुमारे तीस मीटरवर उंच स्टूलावर. पखवाज, पायपेटी आणि झांज यांना स्वतंत्र माइक. आडदशावतार, म्हणजे खेळाचा सुरुवातीचा भाग, आटोपून आख्यान सुरू होईपर्यंत बारा वाजून गेले होते.

पहाटे तीनच्या सुमारास ‘ग’वर बसलेल्या भाच्याला डबीचा दिवा बंद दिसला. झाले होते ते असे. जुन्या डबीची बॅटरी अशक्त होती म्हणून तिला पॉवर बँक लावली होती, पण डबी वीज इतकी कमी ओढते, की पॉवर बँकेला काहीच जोडलेले नाही असे वाटून तिने स्वतःला बंद केले. त्यानंतर डबी तिच्या अशक्त बॅटरीवर चालली आणि तीन वाजून दहा मिनिटांनी संपली. भाच्याने कॅमेऱ्याची बॅटरी बदलताना पॉवर बँकेचे बटण दाबले, दिवा लागला, तो निर्धास्त झाला. मलाही त्याने सकाळी चहा घेताना सांगितले. दोष त्याचा नाही. दिवा लागणे म्हणजे क्रमांक बरोबर असणे नव्हे, हे मी त्याला सांगितलेच नव्हते. डबी शून्यापासून मोजायला लागली होती.

दहीकाला होऊन पाच पन्नासला मुद्रण थांबवले. कॅमेऱ्यांचे एकूण ४९ तुकडे झाले.

१७ डिसेंबर

सर्व साहित्य दोन डिस्कवर उतरवले. डाविंची रिझॉल्व या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडे निवडून ध्वनिवाहिनीवरून टाइमकोड वाचण्याची आज्ञा दिली की तो किरकिरणारा आवाज क्रमांकात बदलतो. दहा मिनिटांत ‘ख’चे सगळे आणि ‘ग’चे बहुतेक तुकडे वाचले गेले. गेल्या वर्षीचे अकरा दिवस आठवून मी चहा मागवला.

चहा येईपर्यंत टाइमलाइन, म्हणजे सर्व तुकडे क्रमाने मांडलेली पट्टी, तयार झाली होती आणि तिच्यावर दशावतार आधी, पालखी नंतर, मधे पंधरा तास चाळीस मिनिटांची पोकळी. मध्यरात्री क्रमांक २३:५९:५९:२४ वरून ००:००:००:०० वर गेला होता. बारानंतरचे सर्व तुकडे लहान क्रमांकाचे म्हणून सुरुवातीला जाऊन बसले आणि बाराच्या आधीचे शेवटाला गेले. रेकॉर्डरच्या फाइलचीही तीच गत, कारण तिच्यात मध्यरात्रीपासून मोजलेल्या आवाजाच्या नमुन्यांची संख्या लिहिलेली असते : ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने धरून, रात्री आठ म्हणजे ३ अब्ज ४५ कोटी ६० लाख, आणि बारा वाजता पुन्हा शून्य.

रात्रीच्या कामाला घड्याळाची वेळ लावायचीच नसते. रात्री आठ असतील तेव्हा रेकॉर्डरवर सकाळचे आठ लावावेत, म्हणजे बारा तासांच्या फरकाने मध्यरात्र दुपारच्या बारावर पडते आणि क्रमांक सरळ चढत राहतो. ते मी मुद्रणाआधी दोन बटणांत करू शकलो असतो. आता प्रत्येक तुकड्याचा क्रमांक उघडून त्यात बारा तासांचा फरक हाताने घालत बसलो. साडेपाच तास लागले आणि दोन तुकड्यांत मी बाराऐवजी अकरा मिळवले, ते शोधायला आणखी पाऊण तास.

१८ डिसेंबर

‘ग’ कॅमेऱ्याचे पहाटेचे सात तुकडे उरले होते. एकावर टाइमकोडच नव्हता, तो कानाने जुळवला. उरलेल्या सहांवर शून्यापासून मोजलेला क्रमांक होता. तो चुकीचा असला तरी त्याची चाल बरोबर होती, म्हणजे सहाही तुकड्यांची चूक एकसारखी असणार. म्हणून एकच खूण शोधली. राक्षस पडतो त्या प्रवेशात पखवाजावर एक एकटी, मोकळी थाप आहे. रेकॉर्डरवर ती १५:३१:०७:१२ ला येते आणि ‘ग’च्या आवाजात ००:०६:५१:२० ला. वजाबाकी १५:२४:१५:१७. हा फरक सहाही तुकड्यांना लावला, वीस मिनिटांत काम झाले. सेकंदातून उसने घेताना साठ नव्हे, पंचवीस फ्रेम मिळतात, हे कागदावर करणाऱ्यांनी विसरू नये.

२१ डिसेंबर

संकलन करताना पहाटेच्या भागात ‘ग’चे दृश्य लावले की काहीतरी खुपत होते. नटाचे तोंड आधी उघडे, शब्द किंचित नंतर. याच कॅमेऱ्याचे तीनच्या आधीचे तुकडे मात्र निर्दोष होते. मोजले तर फरक दोन फ्रेमचा.

उत्तर मिळायला दुपार गेली. ‘ग’ कॅमेरा तीस मीटरवर होता. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे पखवाजाची थाप त्या कॅमेऱ्याच्या माइकवर सुमारे ८७ मिलिसेकंद उशिरा पोहोचते. एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, तेव्हा दोन फ्रेम झाल्या. रेकॉर्डरचा माइक पखवाजाला चिकटलेला. मी दोन्ही थापा कानाने जुळवल्या आणि त्या नादात चित्र दोन फ्रेम लवकर आणले. तीनच्या आधीच्या तुकड्यांत टाइमकोड खरा होता, त्याला हवेतल्या अंतराशी काही देणेघेणे नाही.

पुन्हा तीच थाप घेतली, या वेळी हेडफोन काढून ठेवला आणि पखवाजवादकाचा हात पाहिला. तळवा कातड्याला टेकतो ती फ्रेम ००:०६:५१:१८. फरक १५:२४:१५:१९ असा सुधारला आणि सहाही तुकडे बसले. जो एक तुकडा पूर्णपणे कानाने जुळवला होता, त्यालाही दोन फ्रेम उशिराने लावले. आवाजाच्या आलेखावरून आपोआप जुळवणी करणारी साधनेही दूरच्या कॅमेऱ्याला हाच दगा देतात. गेल्या वर्षीची संपूर्ण फिल्म मी अशीच जुळवली आहे, आणि ती आता पुन्हा पाहण्याचे धाडस होत नाही.

२८ डिसेंबर

टाइमकोडचा दुसरा उपयोग आता सुरू झाला. कोणते पद कोणत्या रागात, कोणता संवाद कोणत्या आख्यानातला, हे मंडळीतल्या ज्येष्ठ नटांकडून लिहून घ्यायचे होते. त्यासाठी चित्रावर क्रमांक छापलेली एक प्रत फोनवर पाहता येईल अशी करून दिली. त्यांनी चार दिवसांत वहीची सोळा पाने भरून दिली, प्रत्येक नोंदीपुढे आठ आकडे.

दरम्यान मी पालखीचा भाग चौदा मिनिटांनी कापला. छापलेला क्रमांक टाइमलाइनचा होता, मूळ तुकड्याचा नव्हता. त्यामुळे वहीतल्या सर्व नोंदी एका झटक्यात चौदा मिनिटे पुढच्या झाल्या, आणि मधे आणखी दोन ठिकाणी काप असल्याने सरसकट वजाबाकीही चालेना. जुनी टाइमलाइन सुदैवाने जपली होती. ती उघडून सोळा पाने मूळ क्रमांकांत उतरवायला दीड दिवस लागला. टिपणे करणाऱ्याला नेहमी मूळ तुकड्याचा क्रमांक छापून द्यावा, तो कितीही कापले तरी बदलत नाही.

२ जानेवारी २०२५

मालवणीचे प्रमाण मराठीत उपशीर्षक करणाऱ्या मैत्रिणीने पहिला तास पाठवला. ओळी कधी वेळेवर, कधी लवकर. तिने माझ्या यादीतले ००:१२:०५:१३ हे उपशीर्षकाच्या फाइलमध्ये ००:१२:०५,१३० असे लिहिले होते. त्या फाइलीत शेवटचा आकडा मिलिसेकंदांचा असतो. तेरा फ्रेम म्हणजे १३ गुणिले ४०, ५२० मिलिसेकंद. तिची चूक म्हणावी, तर यादीच्या डोक्यावर ‘शेवटची जोडी फ्रेमची’ असे मी लिहिले नव्हते. गणकपत्रकात एक सूत्र घालून अर्ध्या तासात सगळे दुरुस्त केले.

१२ जानेवारी

काल रात्री दुसऱ्या गावचा दशावतार केला. रेकॉर्डर बारा तास मागे लावला. जुनी डबी परत केली आणि तिच्या जागी चांगली आणली. पॉवर बँक काढून टाकली, त्याऐवजी सर्व डब्या पूर्ण भारित करून नेल्या आणि मध्यरात्री व पहाटे तीनला प्रत्येक कॅमेऱ्याजवळ जाऊन डबीचा आकडा रेकॉर्डरशी ताडून पाहिला. भाच्याने ‘ग’च्या डबीवर चिकटपट्टी लावून लिहिले आहे, “दिवा नको, आकडा बघ.”

आज सकाळी ४३ पैकी ४० तुकडे पंचवीस मिनिटांत जागेवर बसले. उरलेले तीन ‘ख’चे आहेत. बॅटरी बदलताना केबल माइकऐवजी हेडफोनच्या जॅकमध्ये गेली होती, आणि दोन्ही जॅक एकाच झाकणाखाली, एकाच मापाचे आहेत. ते तीन मी हात आणि ओठ पाहून जुळवतो आहे.